व्हॅनचा टप कापून पॉप-टॉप बसवताना: ट्रान्सपोर्टर टी५ आणि टी६

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी६, छोट्या व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली) पॅनेल व्हॅन घेतली आहे. आतला पलंग आणि कपाटं झाली, आता वर उघडणारा टप, म्हणजे पॉप-टॉप, बसवायचा आहे. किट विकत आणून घरच्या घरी जमेल का आणि लोकांचं नेमकं कुठे चुकतं?

जमेल. दोन माणसं, तीन दिवस आणि डोक्यावर छप्पर असलेली कोरडी, सपाट जागा लागते. सगळ्यांना भीती वाटते ती पत्रा कापायची. ते काम तासाभराचं आहे आणि नीट आखलं असेल तर सोपं आहे. चुकतं ते त्यानंतर. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो, पण त्याच्याखालच्या आडव्या कमानी आणि तो पत्रा मिळून व्हॅनच्या दोन्ही भिंती एकमेकींना धरून ठेवतात. भोक पाडलं की ती पकड गेली. किटमधली पोलादी फ्रेम ती पकड परत देते, आणि फ्रेम नि गाडी यांच्यामध्ये असतो तो मुख्यतः तीन-चार मिलिमीटर गोंदाचा थर. तेव्हा खाली जे काही लिहिलं आहे ते फिरून फिरून त्या थराशीच येणार आहे.

किट निवडताना रंग आणि कॅनव्हासची खिडकी यांआधी फ्रेम बघा. रायमो आणि एससीए या जर्मन कंपन्यांची किटं टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेच्या कागदपत्रांसह मिळतात; ब्रिटिश बनावटीचीही चांगली किटं आहेत, पण चाचणी कशाची झाली (नुसत्या टपाची, की फ्रेम बसवलेल्या गाडीची) हे लेखी मागा. जुन्या गाडीवरून काढलेला टप स्वस्तात मिळतो आणि त्याबरोबर फ्रेम नसते, किंवा कापून काढलेली, वाकलेली असते. तो घेऊ नका. ‘फ्रेम वेल्डरकडून बनवून घेऊ’ हा विचार तर मुळीच नको. भिंतींच्या वरच्या कडेने जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पेटीला वेल्डिंगची उष्णता लागली की आतलं गंजरोधक मेण जळतं आणि दोन हिवाळ्यांत आतून गंज फुटतो.

मापाच्या बाबतीत दोन गोष्टी. छोटा व्हीलबेस ३,००० मिलिमीटर, मोठा ३,४००, आणि दोन्हींचे टप वेगळे. टी५ आणि टी६ यांचा सांगाडा मात्र मुळात एकच, त्यामुळे बहुतेक किटं दोन्हींना चालतात. मागचं दार वर उघडणारं असेल तर ते पूर्ण उघडल्यावर त्याची वरची कड किंवा स्पॉयलर नव्या टपाच्या मागच्या टोकाला घासेल का, हे किट मागवण्याआधी विक्रेत्याला विचारा. पन्नाशीच्या दशकात फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने डॉर्मोबाइलचा जो पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा टप प्रसिद्ध केला तो एका बाजूला उघडायचा. आज टी५-टी६वर बहुधा पुढून उचलणारा आणि मागे बिजागऱ्या असलेला टपच दिसतो. पुढचं सगळं त्या प्रकाराला धरून आहे.

कागदपत्रं आधी उरकून घ्या. विमा कंपनीला टप कापण्यापूर्वी कळवा. नंतर कळवलं तर दाव्याच्या वेळी वाद होतो. डीव्हीएलए या ब्रिटिश वाहन नोंदणी कार्यालयाकडे ‘मोटर कॅराव्हान’ (राहण्याची सोय असलेली गाडी) अशी नोंद हवी असेल तर लक्षात ठेवा, त्यांच्या बाह्य लक्षणांच्या यादीत उंच टप आहे, पण उघडझाप होणारा पॉप-टॉप त्यात धरला जात नाही असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे फक्त यासाठी खर्च करत असाल तर थांबा. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं: नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. तिकडे कॅराव्हान एआयएस-१२४ या वाहन मानकानुसार मान्यता घेतलेल्या उत्पादकाकडूनच घ्यावी. पुण्यात बसून हे वाचत असाल तर जिगसॉ (पत्रा कापायची विजेची करवत) खाली ठेवा.

वजन तपासा. टप, फ्रेम, पलंगाची फळी, गादी मिळून गाडीवर साधारण ६० ते १०० किलो चढतात, आणि तेही सगळ्यात वर. टी२८ म्हणजे एकूण २,८०० किलोची गाडी. आत प्लायवूडची कपाटं, पाण्याची टाकी आणि जादा बॅटरी भरली असेल तर चार माणसं बसल्यावर मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. वजनकाट्यावर एक फेरी मारा. उंचीही पाच ते दहा सेंटिमीटर वाढते. मूळ गाडी दोन मीटरच्या जरा खाली असते, त्यामुळे आजवर ज्या वाहनतळात बिनदिक्कत शिरत होता तिथला आडवा दांडा आता टपाला लागू शकतो. काम झालं की खरी उंची मोजून ती डॅशबोर्डवर चिकटवा.

आता गाडी रिकामी करा. बॅटरीची ऋण तार काढा, छताचं अस्तर, आतला दिवा, हँडल काढा. मागच्या काचेचं पाणी नेणारी नळी आणि वरच्या ब्रेक दिव्याची तार टपाच्या कडेने मागे जाते. ती कुठून जाते ते बघितल्याशिवाय एकही भोक पाडू नका. कॅराव्हेल किंवा कोंबी (ट्रान्सपोर्टरच्या प्रवासी आवृत्त्या) असेल आणि बाजूला पडद्याच्या एअरबॅगा असतील तर हे काम घरी करू नका. त्या नेमक्या त्याच कडेत असतात जिथे फ्रेम बसते.

मग एक मोजमाप घ्या, जे बहुतेक जण घेत नाहीत. मधल्या खांबांपाशी एका भिंतीच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, तसंच मागच्या खांबांपाशी, आणि तो आकडा त्याच खांबावर मास्किंग टेप लावून लिहून ठेवा. सरकत्या दाराच्या वरची फट तीन ठिकाणी मोजून तीही तिथेच लिहा. कमानी कापल्या की भिंती दोन-चार मिलिमीटर बाहेर झुकू शकतात. तशाच झुकलेल्या अवस्थेत फ्रेम चिकटली तर दार आयुष्यभर घासत राहतं आणि कारण कुणाला सापडत नाही. आकडे लिहिलेले असले की रॅचेटच्या (खटक्याने आवळायच्या) पट्ट्याने भिंती हळूहळू मूळ मापावर ओढून घेता येतात. गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी हवी. एक चाक ओट्यावर असेल तर सांगाडा पिळलेला असतो.

आखणी बाहेरून करायची. पुढच्या काचेच्या वरच्या कडेचा मध्य आणि मागच्या दाराच्या कडेचा मध्य काढून सुतळी ताणा, ती मध्यरेषा. किटचा नमुना तिच्यावर ठेवा, चारी कोपरे आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर पुन्हा आखा. गाडीच्या कडेवरून माप घेऊ नका, दोन्ही कडा नेहमी सारख्या नसतात. आखून झालं की रेषेच्या बाहेरचा पत्रा मास्किंग टेपच्या दोन थरांनी झाका, जिगसॉच्या तळालाही टेप लावा, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात.

कोपरे नमुन्यात दिले असतील तसेच गोल ठेवा. काटकोनी कापलं तर कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो. प्रत्येक कोपऱ्यात स्टेप ड्रिलने १२ मिलिमीटरचं भोक पाडून तिथून जिगसॉ घाला. धातूचं बारीक दातांचं बायमेटल पातं घ्या, इंचाला २१ ते २४ दात, आणि चार-पाच पाती जवळ ठेवा. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) असेल तर सरळ भागात त्याने कमी हादरे बसतात. ग्राइंडर वापरू नका. त्याच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण, ते काचेत आणि रंगात रुततात आणि आठवड्याभरात व्हॅनभर तांबूस ठिपके दिसायला लागतात.

कमानी पत्र्याला मऊ, चिकट थराने चिकटलेल्या असतात. आतून लांब, पातळ पात्याच्या सुरीने तो थर आधी सोडवून घ्या. न सोडवता पत्रा उचलला तर शेजारचा भाग मुरडतो. कुठल्या कमानी कापायच्या आणि भिंतीपासून किती अंतरावर, हे किटच्या पुस्तिकेत असतं. तिथे अंदाज चालत नाही, फ्रेम कमानींच्या त्या उरलेल्या टोकांवरच बसते. शेवटची बाजू कापण्याआधी आत दोन उभ्या लाकडी दांड्यांवर आडवी फळी टेकवून तुकडा वर धरा आणि कापलेल्या रेषांवर जागोजागी जाड टेपच्या पट्ट्या मारा. हे केलं नाही तर शेवटचे १० सेंटिमीटर राहिले असताना तुकडा स्वतःच्या वजनाने लोंबतो, आणि तिथे जी घडी पडते ती ठोकून कधीच पूर्ण जात नाही.

कापल्यावर कानस घ्या आणि सबंध कडेवर बोट फिरवून (हातमोजा घालून) जिथे जिथे जिगसॉने खाच पाडली असेल ती घासून काढा. कोपऱ्यातली अर्ध्या मिलिमीटरची खाच पुढे चीर होते. मग लोखंडाचा कीस. आधी लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, मग व्हॅक्यूम, मग चिकट टेप. पाण्याची पन्हळ, सरकत्या दाराची रूळपट्टी, सीटबेल्टची गुंडाळी, या तीन जागा विसरल्या जातात. इंग्लंडातल्या दवात कीस एका रात्रीत गंजतो.

उघड्या कडेला रंग लावताना एक सावधगिरी. आम्लयुक्त ‘एच’ (etch) प्रायमर पत्र्यावर छान बसतो, पण त्यावर पॉलियुरेथेन गोंदाचा भरवसा नाही. जिथे गोंद येणार तिथे दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, तोही पूर्ण वाळलेला, किंवा कंपनीचा मूळ रंग शाबूत असेल तर तोच ठेवा. कंपनीच्या रंगावर गोंद उत्तम धरतो. उगाच घासून पत्रा उघडा पाडू नका.

फ्रेम आधी कोरडी बसवून बघा. सगळे बोल्ट हाताने आत गेले पाहिजेत, भिंतींची मापं टेपवरच्या आकड्यांशी जुळली पाहिजेत, दार बंद होऊन फट तीच हवी. फ्रेम आणि पत्रा यांच्यात कुठे ५ मिलिमीटरपेक्षा मोठी पोकळी दिसली तर तिथे गोंदाची वळी उंच काढायची. बोल्ट पिळून ती मिटवायची नाही. पिळलं की तिथला गोंद बाहेर पडून थर शून्य होतो, आणि लवचीक गोंदाला काम करायला जाडी लागते. म्हणून ३ मिलिमीटरचे रबराचे छोटे तुकडे साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवा.

गोंद म्हणून बहुतेक किटांबरोबर सिकाफ्लेक्स-२५२ सुचवलेला असतो. तो बांधणीचा गोंद आहे. २२१ हे फटी बुजवायचं सीलंट; दोन्हींच्या नळ्या सारख्याच दिसतात आणि दुकानात २२१ लगेच मिळतो म्हणून तोच फ्रेमला लावला जातो. तसं करू नका. सिलिकॉन तर गाडीच्या जवळपासही नको. एकदा त्याचा हात लागला की त्या पत्र्यावर पुढे काहीच नीट चिकटत नाही.

किती लागतो ते मोजता येतं. समजा फ्रेम २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, घेर ७.२ मीटर. नळीचं तोंड त्रिकोणी कापून तळाशी १० आणि उंचीला १२ मिलिमीटरची वळी काढली तर तिचा छेद ६० चौरस मिलिमीटर, म्हणजे मीटरला ६० मिलिलिटर. एका फेरीला ४३० च्या आसपास. वळ्या दोन येतात, एक फ्रेम आणि पत्रा यांच्यात, दुसरी कमानींच्या उरलेल्या टोकांवर आणि भिंतीच्या पेटीवर, तेव्हा ८६० झाले. ३०० च्या तीन नळ्यांत बसतं खरं, पण चौथी आणि पाचवी जवळ ठेवा. अर्ध्यावर गोंद संपला आणि दुकान अर्ध्या तासावर असेल तर पहिल्या वळीवर तोपर्यंत साय धरलेली असते, आणि साय धरलेल्या गोंदावर दाबलेली फ्रेम चिकटल्यासारखी फक्त दिसते.

क्रम असा: तेलकटपणा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, दर वेळी नवं फडकं घेऊन, एकाच दिशेने. बारीक स्कॉच-ब्राइट (घासायची खरखरीत जाळी) फिरवून चमक घालवा, पुन्हा पुसा. मग अ‍ॅक्टिव्हेटर (गोंद नीट धरावा म्हणून आधी पुसायचं द्रव), आणि उघडा धातू असेल तिथे प्राइमर. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ घड्याळ लावून पाळा, आणि कमाल मर्यादाही बघा, कारण सकाळी लावलेला अ‍ॅक्टिव्हेटर संध्याकाळी निरुपयोगी असतो. हे सगळं १० अंशांच्या खाली करू नका. थंडीत रात्रभर बाहेर असलेली गाडी उबदार गॅरेजात आणली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. गाडी आदल्या रात्रीच आत घ्या. हातमोजे घाला आणि दार उघडं ठेवा, या गोंदात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं.

आता वाट बघणं. हा गोंद हवेतल्या आर्द्रतेने कडेकडून आत घट्ट होत जातो, २३ अंशांना पहिल्या दिवसात सुमारे ४ मिलिमीटर. जोड २५ मिलिमीटर रुंद असेल तर मध्यापर्यंत १२ मिलिमीटर पोचायचं आहे, आणि वेग दिवसागणिक मंदावतो: तिप्पट खोलीला नऊपट वेळ, म्हणजे नऊ दिवस. थंडीत आणखी. दोन दिवसांनी गाडी हळू हलवायला हरकत नाही, पण मोटरवे आणि पलंगावर झोपणं दहा-बारा दिवसांनंतर. रॅचेटचा पट्टा पहिले दोन दिवस काढू नका.

वरचा टप चढवणं त्यामानाने सरळ आहे. बिजागऱ्या सैल ठेवून टप बंद करा, डावी-उजवी फट सारखी करा, मग आवळा, बोल्टच्या आट्यांना लॉकटाइट (ते सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावून. कात्रीसारख्या दुमडणाऱ्या पट्ट्या आणि गॅस स्ट्रट (टप उचलून धरणाऱ्या दाबलेल्या वायूच्या नळ्या) दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर हवेत; एक ५ मिलिमीटर पुढे असला तरी टप तिरका बसतो आणि मग दोष रबराला दिला जातो.

सोलर पॅनेल लावायचं असेल तर ते आत्ता ठरवा. गॅस स्ट्रट टपाच्या वजनाला तोलून निवडलेले असतात. ४० किलोचा टप, गुरुत्वमध्य बिजागरीपासून १.२ मीटर, म्हणजे सुमारे ४७० न्यूटन-मीटर. त्यावर ८ किलोचं पॅनेल पुढच्या टोकाकडे, १.९ मीटरवर लावलं तर जवळपास १५० ची भर. वजन वाढलं एक-पंचमांश, भार वाढला एक-तृतीयांश. तेच पॅनेल मागे, बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर लावलं तर भर ४० सुद्धा नाही. शिवाय २० अंशांवरून शून्यावर आलं की स्ट्रटमधला दाब सात टक्क्यांनी उतरतो, म्हणून उन्हाळ्यात सहज उघडणारा टप जानेवारीत डोक्याने ढकलावा लागतो. सरसकट जास्त ताकदीचे स्ट्रट लावणं हा उपाय नाही. मग टप बंद करताना दोघं लोंबकळतात आणि पातळ फायबरला मध्यात फुगवटा येतो.

कॅनव्हास वर पट्टीत आणि खाली फ्रेमच्या कडेला लागतो. पुढच्या मध्यापासून सुरुवात करा, मग मागचा मध्य, मग कोपरे. एका टोकाकडून सुरू केलं तर सगळी चूण शेवटच्या कोपऱ्यात जमा होते. मधोमध घेरून जाणारा इलॅस्टिक दोर विसरू नका, बंद होताना कापड आत ओढतो तोच. टप मिटताना एक दार किंवा खिडकी उघडी ठेवा. सगळं बंद असेल तर आतली हवा कापड बाहेर फुगवते, ते रबर आणि टप यांच्यात चेपतं, आणि पुढच्या पावसात तीच चेपलेली घडी वातीसारखी पाणी आत ओढते. टप गळतो अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हे बघावं.

गळती तपासताना पाइपाचा मारा वरून करू नका. खालच्या सांध्यापासून सुरू करून दर पाच मिनिटांनी वीतभर वर जा, आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला हवा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. सुती कॅनव्हास नवा असेल तर शिलाईतून पहिल्यांदा थेंब येतातच. भिजवून, उघडाच ठेवून पूर्ण वाळवला की धागे फुगून भोकं बुजतात. दोन वेळा करा, मग सीलंटकडे वळा.

पुढच्या बाजूला दोन स्वतंत्र कड्या किंवा पट्टे हवेतच. टप न अडकवता निघालात तर ताशी ५० मैलांना वारा पुढून आत शिरतो आणि बिजागऱ्या मागे उलट्या होतात. किटमध्ये ‘टप उघडा’ असा इशारा देणारा स्विच असेल तर तो जोडा, नसेल तर दाराला लावतात तसला साधा स्विच आणि एक बझर पुरतो. पहिल्या ५०० मैलांनंतर बिजागऱ्यांचे बोल्ट पुन्हा तपासा आणि खांबांवरच्या टेपवरचे आकडे अजून तेच आहेत ना ते मोजा. टेप तोपर्यंत काढू नका. पावसात टप मिटून घरी आलात तर त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून वाळवा. तिसऱ्या दिवशी शिलाईपाशी काळे ठिपके दिसायला लागतात आणि ते कशानेही पूर्ण निघत नाहीत.